जोडीचे मार्क

६ जानेवारी, मंगळवार

चोपन्नाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले. बाक आणि माझे गुडघे यांचं काही जमेना, शेवटी तिरकी बसले.

विद्यापीठात नोकरीला लागून तीस वर्षं होत आली, पण वर्गात विद्यार्थिनी म्हणून पाय ठेवला तो आज. कारण कामाचंच आहे. आमच्या वनस्पती संग्रहालयात कुणा जुन्या संशोधकाचे चारेकशे नमुने पडून आहेत. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवलेली आणि खाली त्याच्या किरट्या अक्षरात फ्रेंचमध्ये टिपा. विभागप्रमुख म्हणाले, हे वाचायला कुणीतरी शिकायला हवं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

घरी सांगितलं तर ह्यांना केवढा उत्साह! फॉर्म ह्यांनीच भरला. सकाळची तुकडी होती, पण नाही, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळचीच चांगली म्हणाले. वही आणून तिला कव्हरसुद्धा घातलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या कुठल्या कामात ह्यांनी इतका रस घेतलेला मला आठवत नाही.

वर्गात आम्ही तेरा जण होतो. बहुतेक विशी-बाविशीतले. फ्रेंच कशाला शिकायचंय ते प्रत्येकाने सांगायचं होतं. कुणाला नोकरी, कुणाला पुढचं शिक्षण. तेवढ्यात दार उघडून चौदावा आला आणि दारातच उभा राहिला.

माझा भाऊ. सख्खा, थोरला, एकुलता एक. त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललेली नाही.

मॅडमनी त्यालाही विचारलं, फ्रेंच कशासाठी? म्हणाला, "सहज. चष्म्याचं दुकान आता मुलगा बघतो. मला वेळ आहे."

वेळ आहे! म्हणून जगातल्या सगळ्या भाषा सोडून फ्रेंच, आणि सगळे वर्ग सोडून हाच. मला उठून जावंसं वाटलं होतं. पण मी का उठू? मी आधी आले होते.

९ जानेवारी, शुक्रवार

व्हायचं तेच झालं. मॅडमनी जोड्या लावल्या. पोरापोरींनी आपापले मित्रमैत्रिणी धरले आणि दोन पिकली डोकी उरली. ही जोडी शेवटपर्यंत बदलणार नाही. तोंडी परीक्षेत जोडीला मिळून एकच मार्क. एक अडखळला की दोघं आपटले.

मॅडम तरुण आहेत, नाक कायम चोंदलेलं, त्यामुळे त्यांचं फ्रेंच फार अस्सल वाटतं. त्यांना काय माहीत आमचं? त्या हसून म्हणाल्या, एकमेकांना अनोळखी समजून बोला. मी म्हटलं, सोपं आहे.

त्याने पुस्तकातून बोट फिरवत विचारलं, तुमचं नाव काय? मी सांगितलं. तुम्ही कुठे काम करता? सांगितलं. मग मी विचारलं, तुम्हाला भाऊबहीण आहेत का?

"मला एक बहीण आहे." आणि पुस्तकाप्रमाणे उलट प्रश्न, "तुम्हाला?"

"मला भाऊ नाही," मी म्हटलं.

"त्रे बियाँ!" मॅडम म्हणाल्या. फारच छान. दादाने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं, "मग? जोडीला कोण मिळालं?" मी म्हटलं, "आहे एक म्हातारा." ह्यांना चहाचा ठसका लागला. पाठीवर थापटावं लागलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

नियम ठरवून घेतला आहे. वर्गात जे फ्रेंचमध्ये बोलायला सांगतील तेवढंच बोलायचं. मराठीतून एक अक्षर नाही. दादालाही न सांगता तो कळला आहे. त्याला माझं खोडरबर हवं असेल तर तो खोडरबराकडे बघतो, मी ते अर्ध्या बाकापर्यंत सरकवते.

त्याचा उच्चार म्हणजे शिक्षा आहे. लहानपणी पाढे म्हणायचा तसा तो एका सुरात वाक्यं म्हणतो. आणि आकडे! फ्रेंचांना साठाच्या पुढे मोजायचा कंटाळा आला असावा, ऐंशीला ते चार-वीस म्हणतात आणि ब्याण्णवला चार-वीस-बारा. दादाने आयुष्यभर काचांचे नंबर मोजले, पण इथे तो साठाला येऊन थांबतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. माझे मार्क त्याच्या तोंडात आहेत.

मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिचा हात सदैव वर असतो, म्हणून मी तिला मनात 'हातवर' म्हणते. आज ती म्हणाली, "काकू, तुमची दोघांची नाकं किती सारखी आहेत!" मी म्हटलं, या वयात सगळ्यांचीच सारखी होतात.

२७ जानेवारी, मंगळवार

आज खाणंपिणं. दादाने विचारायचं, तुम्ही चहा घेता का? मी रागाने 'नाही' म्हटलं. मधल्या सुट्टीत तो बाहेर गेला आणि यंत्रातला चहा घेऊन आला. दोन कप. एक न बोलता माझ्या बाकावर ठेवला. टाकून द्यायचा जिवावर आला, म्हणून प्यायले.

बिनसाखरेचा होता. साखर सोडून मला चारच वर्षं झाली, त्याला कसं कळलं? अंदाजाने आणला असेल. किंवा यंत्रातली साखर संपली असेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज कामावर त्या संशोधकाचं एक लेबल माझं मला वाचता आलं. शब्दकोश दोनदाच उघडला. 'रस्त्याच्या डाव्या बाजूला. ओलसर माती. फुलं पिवळी. पाय दुखतो.' शेवटचं वाक्य वाचून मी एकटीच हसले. झाडाच्या लेबलावर स्वतःचा पाय! शंभरेक वर्षांपूर्वीचा माणूस, पण पाय दुखतो हे सांगायला त्याला दुसरं कुणी नव्हतं बहुतेक.

मग बराच वेळ काम सुचलं नाही. मीही एकदा डोंगरावर गेले होते. तीस वर्षांत एकदाच. लोकांनी आणलेली झाडं चिकटवण्यात माझा जन्म गेला, स्वतः गोळा करायला मला एकदाच पाठवलं, तीन आठवडे. नऊ वर्षांपूर्वी. निघताना बाबा ठणठणीत होते. आई आधीच गेलेली, बाबा दादाकडे असत. त्यांनी माझी पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, जड आहे, पण येताना याहून जड असू दे.

परत आले तेव्हा झाडं दाबायची लाकडी चौकट काखेत होती, तोंड उन्हाने काळं झालं होतं आणि दादाच्या घरात माणसं गप्प बसली होती. बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते. त्याआधी चार दिवस ते हॉस्पिटलात होते. डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची चौकी होती, चौकीत फोन होता. एक निरोप दिला असता तर दुसऱ्या दिवशी मी बाबांजवळ असते. मी सगळ्यांदेखत दादाला एकच विचारलं, निरोप का दिला नाहीस? तो म्हणाला, "नंतर सांगतो."

नंतर! बाबांच्या बाबतीत माझ्यासाठी त्याने 'नंतर' शिल्लक ठेवला होता का? मी तशीच बाहेर पडले. त्यानंतर त्याचे फोन आले, मी घेतले नाहीत. पत्र आलं, न उघडता परत पाठवलं. मी हट्टी नाही. एकदा ठरवलं की ठरवलं, एवढंच.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादा आला नाही. मला मॅडमबरोबर संवाद म्हणावा लागला. छान झाला, तरी बरं वाटलं नाही. परीक्षा तोंडावर आली असताना माणसाने दांड्या मारू नयेत. एकसष्ट वर्षांचा आहे, काही झालं तर नसेल ना, असंही मनात आलं. मार्कांसाठीच.

घरी आले तर हे आपण होऊन म्हणाले, "काळजी नको करू, साधी सर्दी आहे. शुक्रवारी येतील."

"कोण येतील?"

"तुझा तो म्हातारा. म्हणजे, सर्दीच असणार. हवाच तशी आहे." आणि पाणी प्यायला उठून गेले. समोर तांब्या भरलेला होता. ह्यांचं हल्ली लक्ष नसतं कशात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आला. नाक लाल. त्याचा उच्चार आज पहिल्यांदाच मॅडमसारखा झाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून काढते. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

आजचा धडा 'डॉक्टरकडे'. प्रत्येक जोडीने पुढे येऊन सर्वांसमोर करायचा. मी डॉक्टर, दादा पेशंट. प्रश्न पुस्तकात दिलेले, उत्तरं आपली आपण. सगळ्यांची डोकी दुखत होती, कारण डोकं हा शब्द सोपा आहे.

मी विचारलं, काय होतंय?

"छाती दुखते," दादा म्हणाला.

कधीपासून?

"रविवारपासून."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांना रविवारी हॉस्पिटलात नेलं होतं. पण माझं लक्ष पुढच्या प्रश्नाकडे होतं. घरी कोण कोण आहे?

"एक मुलगा आहे. एक मुलगी आहे."

पुस्तकात पुढचा प्रश्न झोप लागते का असा आहे. मी तो विचारला नाही. मी विचारलं, मुलगी कुठे आहे?

दादा एकेक शब्द उचलून आणल्यासारखा बोलत होता. "मुलगी डोंगरावर आहे. ती झाडं बघते. ती आनंदात आहे." मग थांबला. त्याला शब्द सापडत नव्हता. तो माझ्याकडेच बघत होता. "डॉक्टर, मुलीला फोन नको. मुलगा म्हणतो, फोन करू. मी म्हणतो, नाही."

वर्ग खो खो हसला. छाती दुखणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी डोंगरावर झाडं बघते, हसणारच. हातवरने तर टाळ्या वाजवल्या. मॅडमनी एक क्रियापद सुधारलं आणि म्हणाल्या, किती कल्पक!

माझं एक वाक्य उरलं होतं. हे औषध दिवसातून तीन वेळा घ्या. ते मी म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

खोटं बोलला. सरळ रचून सांगितलं. मी काही करू शकत नाही अशी जागा बघून सांगितलं, सर्वांसमोर, मार्क मिळतील अशा भाषेत.

बाबा असं म्हणाले असते का?

पिशवी उचलून बघणारा माणूस म्हणाला असता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्गाला गेले नाही. ह्यांनी तीनदा कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

१ मार्च, रविवार

विचारलं. दुपारी हे पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "अहो, बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा तुम्ही जात होता ना?"

पेपर खाली आला. "रोज."

"फोन करू नका, असं बाबा म्हणाले होते?"

हे चष्मा काढून म्हणाले, "तुझा दादा दोनदा फोन करायला उठला. दोन्ही वेळा बाबांनी त्याचा हात धरला. जन्मात एकदा गेली आहे, म्हणाले, तिला येऊ दे तिच्या वेळेने. मी बरा होतोय. आणि होत होते गं. डॉक्टरही तेच सांगत होते. गुरुवारी एकाएकी झालं. आणि झाल्यावर दादा म्हणाला, आता निरोप द्यायचा तर फोनवर नको, परक्या चौकीत, परक्या माणसाच्या तोंडून तर नकोच. ती घरी आली की मी सांगतो."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत? नऊ वर्षं?"

"तीनदा सांगायला घेतलं. दोन वेळा तू उठून गेलीस. तिसऱ्या वेळी म्हणालीस, हा विषय काढलात तर तुमच्याशीही बोलणं बंद. आणि तू करतेस, मला माहीत आहे." हे पेपराची घडी घालत बसले, आधीच घडी होती तरी. "मला घरात बोलायला दुसरं आहे कोण?"

मला ह्यांचा खूप राग आला. आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

६ मार्च, शुक्रवार

तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक होते, टाय लावलेले, अजिबात न हसणारे. चिठ्ठी निघाली 'दुकानात'. मी गिऱ्हाईक, दादा दुकानदार. देव पावला असंच म्हणायचं, दादाने चष्म्याचंच दुकान थाटलं. मला जवळचं दिसत नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, बसा, बघू या. पुढे किंमत विचारणं भाग होतं. ब्याण्णव म्हणायचं होतं त्याला. तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघायला लागला. परीक्षकांनी पेन उचललं. शेवटी दादाने वहीवर आकडा लिहून माझ्यापुढे धरला, दुकानात धरतात तसा.

बाहेर आलो. लांब कॉरिडॉर, आम्ही दोघंच. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं याचा मी आठवडाभर विचार केला होता. चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडातून आलं ते असं:

"ब्याण्णव येत नव्हतं तर साठ म्हणायचं होतंस! तुझं दुकान, तुझी किंमत!"

दादा जागीच थांबला. "सुचलं नाही," म्हणाला. मग हळूच, "तू ओरडशील अशी भीती वाटली."

"ओरडतेच आहे."

"हो," तो म्हणाला. "ओरड."

आणि तिथल्या तिथे, सूचना फलकाखाली, एकसष्ट वर्षांचा माणूस रुमालात तोंड लपवून उभा राहिला. मीही काही फार वेगळी उभी नव्हते. हातवर बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि म्हणाली, "काका, काकू, रडू नका, पास व्हाल, त्यांनी सगळ्यांनाच तसं घाबरवलंय."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. जोडीला कोण होतं तेही. म्हटलं, एवढं मोठं शहर, एवढे वर्ग, आणि दादाने नेमका हाच निवडावा, योगायोग म्हणतात तो याला. हे म्हणाले, "हो ना. योगायोगच." आणि इतके खूश दिसले की मला वाटलं, ह्यांना निकाल आधीच कळला की काय.

१३ मार्च, शुक्रवार

निकाल. जोडीला शंभरात एकसष्ट. उच्चारात कापले. दादा म्हणतो, त्याच्या वयाइतके मिळाले म्हणजे कापले नाहीत.

मी त्याला म्हटलं, उद्या संग्रहालयात ये, काम आहे. त्याने काय काम ते विचारलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आज सुट्टी, संग्रहालयात आम्ही दोघंच. मी शेवटच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि गठ्ठा बाहेर काढला. माझा स्वतःचा. त्या तीन आठवड्यांतली झाडं. नऊ वर्षं तशीच वर्तमानपत्रांत गुंडाळलेली. दुसऱ्यांचे हजारो नमुने मी चिकटवले, हे मात्र नाहीत. विभागप्रमुखांना दरवर्षी सांगायचे, पुढच्या महिन्यात.

दादाला हात धुवायला लावले. कागदाच्या बारीक पट्ट्या कापायला दिल्या. चष्म्याचे इवलेसे स्क्रू फिरवून त्याचे हात तयार आहेत, देठ मोडला नाही एकही. मी त्या वेळच्या वहीतून त्या त्या दिवसाची टिपणं वाचायची, तो पट्ट्या लावणार, मी लेबल लिहिणार. दहा कागद झाले. अकराव्याला मी वही मिटली.

"काय झालं?"

मी वही त्याच्याकडे दिली. मला वाचायची नव्हती, मला पाठ होती. बाबा गेले तो गुरुवार. माझ्याच अक्षरात: 'सकाळी दहा. कड्याच्या सावलीत, खडकाच्या भेगेत. फुलं जांभळी, अगदी बारीक. आपल्या संग्रहात नाही!! आजच्यासारखा दिवस जन्मात आला नव्हता.'

दादाने वाचलं. मी त्याला सांगितलं. आजवर या डायरीतही लिहिलं नव्हतं ते सांगितलं. की मी त्या दिवशी कड्याखाली एकटीच उड्या मारत होते. घरी येऊन कळलं आणि मनात पहिली आली ती ही तारीख. माझ्याच्याने ते सहन होईना. मग तुझा राग केला. तुझा राग केला की मला माझा करावा लागत नव्हता.

दादाने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "दहाला बाबा जागे होते. चांगले बोलत होते. मला विचारलं, आत्ता ती कुठे असेल रे? मी म्हटलं, वर पोचली असेल. म्हणाले, मग झकास." त्याने नाक पुसलं. "दुपारपर्यंत दोनदा म्हणाले. वर पोचली असेल. तेच मला तुला सांगायचं होतं. बाकी काही नाही."

मी खूप रडले. त्याने रडू दिलं, फक्त झाडाचा कागद माझ्यासमोरून बाजूला सरकवला, भिजू नये म्हणून. मग आम्ही ते जांभळं फूल चिकटवलं. रंग उडालाय, पण आकार जसाच्या तसा आहे. लेबलावर नाव लिहिलं, जागा लिहिली, फुलांचा रंग लिहिला. तारखेपाशी माझं पेन अडलं. दादाने वाकून कागद दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरला.

"सावकाश," म्हणाला. "मी धरलंय."

लिहिली.